टोनची पंचेचाळीस-सत्तर

रायफल विकत घेतेस का, असं विचारल्यावर विशाखा फक्त "बघते" म्हणाली होती. तेही इंग्रजीत, कुंपणाच्या अलीकडून, हसून. पुण्यात एवढं पुरलं असतं. समोरच्याने विषय बदलला असता आणि बंदुकीचं नाव पुन्हा निघालं नसतं. पण हे परदेशातलं फेल्डहोवन होतं आणि कुंपणापलीकडे टोन होते. ते घरात गेले आणि त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोन करून कळवलं की रायफल गेली.

विशाखा माझी सून. आशुतोषच्या नोकरीमागे ती इथे आली तेव्हा मेकॅनिकल इंजिनिअर असून घरी बसून होती. शेजारच्या टोननी तिला आपल्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. आता तिला नोकरीही आहे आणि क्लबही. लहान कॅलिबरची एक रायफल वरच्या खोलीतल्या पोलादी कपाटात कुलपात असते. पुढची तिला लिव्हर-अ‍ॅक्शन हवी होती. ट्रिगरभोवतीची कडी खाली ढकलली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर ओढली की नवं आत जातं. "कुठला भाग काय करतो ते हाताला कळतं, आई," ती म्हणायची. कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, तेही जुनंच हवं होतं. तिने मनात थर्टी-थर्टी धरली होती.

टोनकडे होती ती पंचेचाळीस-सत्तर. मोठी, जड, आणि खांद्याला तसाच धक्का देणारी. विशाखाचा उजवा कॉलरबोन फेब्रुवारीत सायकल बर्फावरून घसरून मोडला होता. आत धातूची पट्टी बसवलेली. डॉक्टर म्हणाले होते, नेमबाजी करा, पण धक्का जपून.

"मग नाही म्हणून टाक," मी म्हटलं.

ती पोळ्या लाटत होती, डाव्या हातावर जास्त जोर देऊन. "त्यांनी दुसऱ्याला परत पाठवलंय. मला सगळं त्यांनी शिकवलं. त्यांची इतक्या वर्षांची रायफल, ती माझ्या हाती द्यायची म्हणतात. काय तोंडाने नाही म्हणू?"

"आहे त्याच तोंडाने."

"तुम्ही त्यांना गोळीचं सांगितलंत का?"

टोन भेटले की खिशातून डबी काढून ज्येष्ठमधाची काळी, खारट गोळी पुढे करतात. इथल्या लोकांना ती फार प्रिय. मी ती गालात धरून "छान" म्हणते आणि ते पाठमोरे झाले की रुमालात घेते. २०२० साली दोन महिन्यांसाठी आले होते. विमानं बंद झाली, मग एकेक कारण निघत गेलं, आणि वर्षभर मी त्या गोळ्या खात होते.

आशुतोष वरून मीटिंगच्या मधे पाणी प्यायला आला. "ठरलं का? पोलिसांकडच्या अर्जात रायफल आणि कॅलिबर दोन्ही लिहायचंय. एकदा गेला की बदलायला पुन्हा पहिल्यापासून."

"तू जा तुझ्या मीटिंगला," विशाखा म्हणाली.

"जातो. घरात एकीकडे पोळ्या, एकीकडे तोफ. मधे उभं राहण्यात अर्थ नाही."

जुईने, माझ्या नातीने, हे सगळं ऐकलं होतं. शाळा पुन्हा भरू लागली होती, पण वर्गात कोणाला लागण झाली की मुलं घरी. त्या आठवड्यात ती घरीच होती आणि तिचा विज्ञानाचा तास माझ्याकडे होता. ती मराठीत ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. मला चालतं.

"धक्का का बसतो?" तिने विचारलं.

मी तिला आशुतोषच्या चाकांच्या खुर्चीत बसवलं, पाय वर घ्यायला लावले आणि हातात तुरीच्या डाळीची पिशवी दिली. "सोफ्यावर फेक. जोरात." पिशवी गेली, खुर्ची जराशी मागे सरकली. मग कणकेची मोठी पिशवी दिली. या वेळी खुर्ची मागे जाऊन कपाटाला लागली. जुई हसली, मग गंभीर झाली.

"गोळी पुढे, खांदा मागे," मी म्हटलं. "जुन्या नावांत पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, इंचाचे शंभर भाग करून. दुसरा दारूच्या वजनाचा. गोळीचं वजन नावात नसतं, पण टोनच्या रायफलची गोळी दुपटीहून जड असते."

"म्हणजे टोनची कणीक, आणि आईला हवी ती डाळ."

"बरोबर."

"मग आई डाळ का घेत नाही?"

याला माझ्याकडे प्रयोग नव्हता.

शनिवारी टोन मागच्या अंगणात आले. दीड मीटर सोडून खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांनी हस्तांतराचा कागद भरून आणला होता, विशाखाची सही तेवढी राहिली होती. "सोमवारी देऊन टाकू," ते म्हणाले. विशाखाने कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. पेन टेबलावरच होतं. तिने ते उचललं.

"ओपा टोन," जुई म्हणाली. इथे आजोबांना ओपा म्हणतात. पुढचं ती इंग्रजीत बोलली, म्हणून मलाही कळलं. "आईला तुमची रायफल नको आहे. तिचा खांदा दुखेल. तिला थर्टी-थर्टी हवी आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही."

"जुई," विशाखा म्हणाली. पण पेन तिने खाली ठेवलं.

टोन विशाखाकडे वळले. "खरं आहे?"

"हो."

"मग बघते का म्हणालीस?"

"आमच्याकडे..." विशाखा थांबली. "आमच्याकडे तेच नाही असतं."

"मी त्या माणसाला परत पाठवलं." ते चिडले होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. "आता त्याला पुन्हा फोन करायचा. तो मला हसणार."

"सॉरी, टोन."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग आपला उजवा खांदा चोळत म्हणाले, "मी ती का सोडतोय, तू विचारलंच नाहीस. दहा गोळ्या झाल्या की मला रात्री या कुशीवर झोपता येत नाही."

"मग मला का देत होतात?"

"तू हो म्हणालीस असं मला वाटलं."

विशाखाला हसू आलं. त्यांनाही, जरा उशिराने. मग दोघं थर्टी-थर्टीबद्दल बोलू लागले. नळीची लांबी किती असावी, खांद्याला टेकवायचा कुंदा तिच्या हाताला किती आखूड लागेल, दुकानदार कोण बरा. सोमवारी आपण सोबत येतो, असं टोन म्हणाले. विशाखाने या वेळी "या" म्हटलं.

उठताना त्यांनी खिशातून डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. जुईने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"थांब," मी तिला म्हटलं. "हे मी सांगते."