सनईवाल्याचं नाव

वडीगोद्रीच्या पंचक्रोशीत कडूबाच्या सनईशिवाय लग्न लागत नसे. तो पुण्याच्या एका पिक्चर कंपनीत गेला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. निघताना बायकोला म्हणाला होता, "पडद्यावर नाव आलं की येतो. तवर न्हाई."

१९४४च्या हिवाळ्यात त्याचं पत्र आलं. नवा बोलपट जालन्याला लागतोय, त्यातल्या पाठवणीच्या गाण्यात सनई माझी आहे. सगुणाबाईनं धाकट्या दिराला, रामकिसनला, गाडी जुंपायला लावली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

दुपारचा खेळ होता. पडद्यावर नावं सरकू लागली.

"वाचा भाऊजी, जल्दी!"

रामकिसननं सगळी वाचली. संगीताला एकच नाव होतं, तेही दुसऱ्याचं.

"दादाचं न्हाई, वैनी."

"बराबर बघितलं का?"

"बघितलं. बिलकुल न्हाई."

मग पाठवणीचं गाणं आलं. नवरी उंबऱ्याबाहेर पडली आणि सनई उठली. वरच्या सुराला पोचायच्या आत सनईनं बारीकसा श्वास घेतला. कडूबाचा तो श्वास सगुणाबाई सहा वर्षं गावातल्या प्रत्येक मांडवात धुंडाळत होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

खेळ सुटल्यावर ती थेट थेटरच्या मालकासमोर, शांतिलाल शेठसमोर उभी राहिली.

"शेठ, ही सनई माझ्या मालकाची हाय. नाव का न्हाई?"

"बाई, वाजवणारे पंचवीस असतात. नाव एकाचंच लागतं. सनई कोणाची, हे कोणी विचारत नाही."

"मी इचारून राह्यले ना."

 मध्यंतरात शांतिलाल बिडीच्या, कापडाच्या जाहिराती काचेवर लिहून पडद्यावर दाखवायचा. त्या रात्री सगुणाबाई आणि रामकिसन जालन्यातच थांबले. दुसऱ्या दिवशी त्यानं तशीच एक काच तयार केली. 'सनई : कडूबा, वडीगोद्री.'

मध्यंतरात पडद्यावर ती अक्षरं उजळली. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, आपला कडूबा!" सगुणाबाईनं हळूच विचारलं, "भाऊजी, ह्यातलं 'क' कोणतं?"

घरी येताच ती म्हणाली, "लिहा. नाव आलं, आता या."

"वैनी, हे तर शेठनं लावलं. पिक्चरमधी थोडंच हाय?"

"पडदा तर तोच हाय का न्हाई?"

कडूबा बाराव्या दिवशी आला. काचेची गोष्ट रामकिसननं त्याला स्टेशनवरच सांगून टाकली. तो रागावला नाही. घरी आल्यावर सगुणाबाईकडं नुसता बघत राहिला. कानशिलांवरचे केस पिकले होते त्याचे. चार दिवस राहिला, आणि पाचव्या सकाळी त्यानं ट्रंक गाडीत ठेवली. पुण्याला नवं गाणं भरायचं होतं.

"मला बी घेऊन चला," ती म्हणाली.

"सहा जण एका खोलीत राहतो आम्ही."

"मंग सात होऊ."

 कडूबा गाडीत चढला, ट्रंक एका कडेला सरकवली आणि तिला बसायला जागा केली.