रस्त्याच्या मधून

ओडेसाने बाजूच्या सीटवरून हात लांबवून हॉर्न दाबला.

"शववाहिनीचा हॉर्न वाजवत नाहीत, पोरी," क्लीऑनकाका म्हणाले. स्टिअरिंगवरचे त्यांचे पांढरे हातमोजे जराही हलले नाहीत.

"मग त्यांना बाजूला व्हायला सांगा."

समोरून राखाडी गणवेशातली साठेक माणसं अख्खा रस्ता व्यापून येत होती. पुढे कापडी फलक होता: 'दक्षिणेचा वारसा, तीनशे मैल पायी'. खांद्यांवर लाल झेंडे. गणवेश आणि झेंडे, दोन्ही अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचे.

"तीनशे मैल," काका म्हणाले. "एवढे झेंडे घेतले, एखादी गाडी नाही मिळाली?"

ती हसली नाही. मागे शवपेटीत तिचे वडील होते. गुडघे गेल्यावरही ते काठी टेकत, भर रस्त्याच्या मधून चालायचे. मागे गाड्या खोळंबायच्या. आई ओरडायची, म्हातारे कडेने चालतात म्हणून. ते ऐकायचे नाहीत.

शववाहिनी दिसताच पुढच्या माणसाने हात वर केला. रांग दुभंगली. अलबामात प्रेतयात्रेला सगळेच थांबतात. माणसं दोन्ही बाजूंच्या चरात उतरली, टोप्या काढल्या, झेंडे खाली केले.

"त्यांचा मान नकोय मला." ओडेसाच्या मांडीवरचा रुमाल पिळून दोरीसारखा झाला होता. "जोरात घ्या, काका. एकदाचे पार होऊ."

काकांनी वेग वाढवला नाही.

"हेच वळण," ते म्हणाले. "तुझा बाप लूशस अकरा वर्षांचा, मी दहाचा. चर्चहून येत होतो. समोरून गोरी माणसं आली, की आम्ही काळ्यांनी रस्ता सोडून चरात उतरायचं, टोपी काढून. त्या दिवशी चरात गुडघाभर पाणी. त्याचे नवे बूट गेले. घरी तुझ्या आजीने बुटांवरून बडवलं त्याला. का उतरलास, ते विचारलं नाही. तिला ठाऊकच होतं."

"मला कधी बोलले नाहीत."

"कुणालाच नाही."

काल रात्रभर पाऊस झाला होता. चरातल्या चिखलात राखाडी विजारी घोट्यांपर्यंत बुडाल्या होत्या. एक जाडा माणूस टोपी छातीशी धरून रुतलेला पाय ओढत होता. निघत नव्हता.

ओडेसाने आरशात पाहिलं. मागे प्रेतयात्रेच्या बावीस गाड्या, सगळ्यांचे दिवे लागलेले. तिने काच पूर्ण खाली केली.

"काका, सावकाश घ्या."

"किती सावकाश?"

"बाबा चालायचे, तेवढं."