कर्टिसने खणलेला खड्डा

घरामागचा आमचा डेक, म्हणजे खांबांवरचा लाकडी ओटा, माझ्या नवऱ्याने व्हर्ननने, त्याच्या दोस्तांनी आणि बियरने मिळून बांधला. बियरचा वाटा मोठा होता. परवाना वगैरे कुणाच्या डोक्यातही आला नाही. शनिवारी जमले आणि रविवारी संध्याकाळी त्याच्यावर उभे राहून सॉसेज भाजत होते.

यंदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांध्यांना रोज गरम पाण्यात बसवा. मिनेसोटाच्या हिवाळ्यात माझ्या कमरेचं काय होतं ते माझं मला ठाऊक. मागच्या जानेवारीत मोजे चढवायलासुद्धा नवऱ्याला हाक मारायचे, आणि हाक मारताना रडू यायचं. पायऱ्या उतरणं तर सोडाच. म्हणून गरम पाण्याचा टब हवा तो डेकवरच, स्वयंपाकघराच्या दाराशी.

"आणू की," व्हर्नन म्हणाला. "वर ठेवला की झालं."

"पाणी भरल्यावर तो आपल्या गाडीपेक्षा जड होतो. आणि आत मी बसणार आहे. रीतसर परवाना काढ."

तो काढायला गेला आणि काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्हा कचेरीने, तपासनीस पाठवला. कोण? कर्टिस! डेक बांधणाऱ्या त्या दोस्तांपैकीच एक. मधल्या काळात त्याला काउंटीत नोकरी लागली होती. काउंटीचं जॅकेट अंगात असलं की हा कुणालाच ओळखत नाही.

"नमस्कार, मिसेस लुंडीन. हा डेक कुणी बांधलाय?"

"तू."

त्याने वाकून खाली पाहिलं, एका खांबाला लाथ मारली. खांब हलला.

"नुसते मातीवर टेकवलेत. बांधणाऱ्याला अक्कल नव्हती."

"आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं होतं."

निकाल असा: पाडा. खांबांचे नवे खड्डे जमीन गोठते त्याच्याही खाली न्या. ते मी पाहणार, मगच काँक्रीट. इकडे थंडी दाराशी आलेली. एकदा जमीन गोठली की वसंतापर्यंत फावडं चालत नाही. म्हणजे माझा आणखी एक हिवाळा मोज्यांसाठी हाका मारण्यात जाणार. माझे डोळे भरून आले. कर्टिस आपल्या बुटांकडे बघत राहिला.

शनिवारी तीच टोळी पुन्हा आली. कर्टिस जॅकेट घरी ठेवून आला होता. आल्या आल्या मला म्हणाला, "आर्डिस, कॉफी टाक गं!" दुपारपर्यंत डेक जमीनदोस्त. मी सगळ्यांसाठी ओव्हनमध्ये बटाट्याचं हॉटडिश भाजलं आणि बियर कुलपात घातली. लायलॅकच्या झुडपाजवळचा खड्डा कर्टिसच्या वाट्याला आला. मुळांशी झटापट करत, शिव्या घालत त्याने तो खणला. संध्याकाळी व्हर्ननची पाठ धरली ती धरलीच.

सोमवारी सकाळी जॅकेट हजर. टेप लावत लावत तो लायलॅकपाशी आला. एकदा मोजलं. परत मोजलं.

"हा कमी भरतोय, मिसेस लुंडीन. नापास."

"अरे, तो तू खणलायस!"

"कुणी खणला त्याच्याशी काउंटीला कर्तव्य नाही."

"मेल्या, काँक्रीटची गाडी उद्या येतेय! परवापासून सगळं गोठणार आहे. व्हर्ननला उठता येत नाही. आता काय मी उतरू खड्ड्यात?"

"खणून झालं की कळवा," म्हणाला आणि निघून गेला. आमच्याकडे माणूस निघतो म्हटल्यावर दारात अर्धा तास बोलत उभा राहतो. हा सरळ गाडीत जाऊन बसला. ते मला फार लागलं. स्वयंपाकघरात बसून मी पोटभर रडले.

अंधारायच्या सुमाराला फावड्याचा आवाज आला. काठी टेकत दाराशी गेले तर कर्टिस कमरेपर्यंत खड्ड्यात. जॅकेट नाही.

"नुसतं पास म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

त्याने एक मूळ तोडलं, बाजूला फेकलं.

"त्या टबात तू बसणार आहेस ना, आर्डिस?"

मी आत जाऊन त्याच्यासाठी कॉफी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जॅकेट पुन्हा दारात. त्याने टेप लावली, मान हलवली.

"कुणी खणला हा?"

"होतं एक गाढव."

"चांगला खणलाय, मिसेस लुंडीन. पास."

मग जॅकेट न काढताच तो दारात निरोप घेत उभा राहिला. काँक्रीटची गाडी मागे हॉर्न वाजवत होती, कारण तिची वाट कर्टिसच्याच गाडीने अडवली होती. त्याला कुणी हलायला सांगितलं नाही. मीही नाही.