ग्रीक पट्टीचा तुटका कोपरा

गुणाजीच्या कोपरी गावातल्या मूर्तींच्या कारखान्यातून आजवर एकही खंडित वस्तू बाहेर गेली नव्हती. गणपतीचं करंगळीएवढं बोट तुटलं तरी तो सांधूनच देई. त्याच सवयीने आज घात केला.

दिशा कल्याणच्या एका चित्रकला विद्यालयात तीन वर्षं कंत्राटावर शिकवत होती. सकाळी धूळ पुसताना तिच्या हातून प्लास्टरची पानांच्या नक्षीची पट्टी निसटली आणि एका पानाचं टोक उडालं. ग्रीसमधल्या कुठल्याशा देवळाच्या दगडी नक्षीवरून काढलेली ती शंभर वर्षं जुनी प्रतिकृती. चार वाजता विद्यालयाचे मुख्य सर ती वर्गात मांडणार होते, आणि दिशाला कायम करायची शिफारस त्यांच्याच हातात होती. तिने धावतपळत पट्टी गुणाजीकडे आणून टाकली. दुपारी एकला न्यायला आली आणि तिचा चेहराच उतरला.

"काका, हा डावा कोपरा कुठून आला?"

"तुटलेला होता, केला पुरा. टोकाबरोबर तेपण उरकलं."

"अहो, तो मुळातच तुटका! तिकडचा दगडच फुटलेला, दोन हजार वर्षांपूर्वी. सर पोरांना तेच तुटलेलं काढायला देतात!"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! गुणाजीला आधी रागच आला. तुटक्याचं एवढं कौतुक? मग पोरीचे भरलेले डोळे दिसले आणि तो घाबरला.

"खरवडून काढा ना."

"निघेल गं. पण खालची जुनी कड राहिलीय कुठं? नवं धरावं म्हणून मी तिच्यावर खाचा मारलेल्या."

शेवटी त्याने तिचा मोबाइल मागितला. पट्टीच्या जुन्या फोटोत ती फुटकी कड स्वच्छ दिसत होती. आता तीच नव्या प्लास्टरमध्ये पाडायची, म्हणजे आपलंच काम आपल्या हाताने मोडायचं. पटाशी टेकवली आणि परत उचलली; चाळीस वर्षांत मोडायसाठी ती त्याने कधी धरली नव्हती. एक ठोका जास्त बसला तर शेजारचं जुनं पानही जाणार होतं. हळूहळू कोरावं तर ते कोरल्यासारखंच दिसे, फुटल्यासारखं काही दिसेना. अडीच वाजले. दिशाने तोंडावर पदर धरला. गुणाजीने श्वास रोखून एकच ठोका घातला आणि ढलपी उडाली. जुनं पान जागेवर होतं. मग चहाच्या पाण्याने पांढरेपणा मारला आणि दिशा चादरीत पट्टी गुंडाळून स्टेशनकडे पळाली.

पाचला तिचा फोन आला. "काका, सरांना काय कळलं नाय! उलट कोपऱ्यावर हात फिरवून म्हणाले, हे काळाचं काम, माणसाच्या हाताला असलं जमायचं नाही. तीस पोरं तेच काढत बसलीयत."

गुणाजीच्या कुठल्याच मूर्तीकडे कुणी इतका वेळ बघत बसलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याची इतकी लाज वाटली की समोरच्या गणपतीकडे त्याने संध्याकाळभर मान वर करून पाहिलं नाही.