वजीर कोणी हलवला

माणसाला धड हरताही येऊ नये? समोरचा एक हत्ती गमावून बसला होता, त्याचा राजा कोपऱ्यात कोंडला होता, आणि हा गृहस्थ प्रत्येक चालीला बरोबरीचा प्रस्ताव पाठवत होता. एकदा नको म्हटलं की सभ्य माणूस गप्प बसतो. हा कसला बसतोय! दर वेळी मोबाइलवरच्या पटावर प्रस्तावाची चौकट उघडायची आणि दादाला ‘नको’ दाबावं लागायचं.

दादा माझा थोरला भाऊ, कारखान्यात टर्नर. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. डाव्या अंगठ्याने तो मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो, पण तो अंगठाही थरथरतो. डावाच्या दहा मिनिटांतली चार तर बोट नेमकं टेकवण्यातच जातात. त्यावर समोरच्याचा संदेश, ‘झोपलास का?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लिही त्याला चांगलं खरमरीत!"

"गप्प बस. डाव चालू आहे," दादा म्हणाला.

कारखान्याच्या ऑनलाइन संघात पूर्वी तो पहिल्या पटावर खेळायचा. संघाचा कप्तान स्टोअरकीपर. बाराशे रेटिंग दाखव, चौथ्या पटावर घेतो, असं तो म्हणाला होता. मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती आणि दादा अकराशे चौऱ्याण्णववर अडला होता. हा डाव जिंकला की काम फत्ते.

दादाच्या घड्याळात अकरा सेकंद उरले. पुन्हा तीच चौकट. अंगठा ‘नको’भोवती घिरट्या घालायला लागला. दहा. नऊ. मला राहवेना. मी ‘नको’ दाबलं आणि त्याच झपाट्यात वजीर त्याच्या राजाला नेऊन भिडवला. मात!

"बाराशे दोन!" मी ओरडले. "जिरली मेल्याची!"

दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वजीर कोणी हलवला?"

"अरे, मी नुसतं बोट लावलं. तू तेच खेळणार होतास ना?"

"नाही. मला मात दिसलीच नव्हती. मी हत्ती मागे घेणार होतो."

मग त्याने कप्तानाला फोन लावला. "बाराशे झाले, पण शेवटची चाल बहिणीची होती. मला संघात धरू नका." पलीकडून "अहो, एका चालीने काय होतंय" असं ऐकू आलं, तोवर त्याने फोन ठेवलाही होता. नंतर एकेक अक्षर शोधत त्या उद्धट माणसाला लिहिलं, ‘शेवटची चाल माझी नव्हती. माफ करा.’

उत्तर आलं, ‘वाटलंच. चोर.’

"अशा माणसाची कसली माफी मागतोस?" मी कडाडले. "तो काहीही करणार आणि रीत तेवढी आपण पाळायची?"

"त्याला कोण विचारतंय!" दादाचा आवाज चढला. "केस विंचरायला तू, औषध काढायला तू, बटणं लावायला तू. हे एकच माझं मी करत होतो. तेही घेतलंस?"

मला भयंकर राग आला. बिनपगारी रजा टाकून मी कोणासाठी राबत होते? पण तो खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घेऊन गेले, तर त्याने तो माझ्या हातातून ओढून घेतला. बटणं लावायला चौदा मिनिटं लागली. मी दारात हात पाठीमागे घट्ट धरून उभी होते. चौथं बटण पाचव्या काजात गेलं. मला दिसत होतं, पण हात मी पाठीमागेच ठेवले.