ऑस्बर्ट या वर्षी खाली

"शिडीवर चढायचं नाही म्हणालीस, कबूल," ऑस्बर्ट म्हणाला, "पण काठ्यांबद्दल काही बोलली नाहीस."

औषधांच्या दुकानातल्या इंद्रा रामलोगनने हसू दाबलं. ऑस्बर्टचा धंदा घरं रंगवण्याचा. पण गाव त्याला ओळखायचं ते कार्निव्हलच्या मिरवणुकीत, मंगळवारी, पायांना माणसाहून उंच काठ्या बांधून विजेच्या तारांखालून वाकत नाचणारा मोको जंबी म्हणून. गॅसचा सिलिंडर उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली होती आणि डॉक्टरीणबाईंनी स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या.

"काका, शिडी नको म्हटलं तर तुम्ही तिच्याहून उंच वस्तू काढलीत."

मग तिने सगळं समजावलं. गोळीने गुंगी येते. सांगितली तेवढीच, झोपताना घ्यायची. सकाळी सुस्ती असेल तर गाडीला हात लावायचा नाही. एक चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. सर्दीची गोळी घेता का, हेही तिने विचारलं, कारण तीही झोप आणते. आणि गोळ्या संपेपर्यंत रमचा थेंब नाही. यावर मात्र ऑस्बर्टने डोळेच मिटून घेतले.

गोळ्या लागू पडल्या. तो असा घोरू लागला की बायकोची, मर्लिनची, झोप उडाली. रविवारपर्यंत कमर इतकी मोकळी झाली की त्याने ठरवून टाकलं, आजची गोळी चुकवायची आणि मंगळवारी वर चढायचं.

संध्याकाळी शेजारचा कथबर्ट रमची बाटली घेऊन आला. त्याचा खांदा धरला होता. दोनच गोळ्या दे म्हणाला.

"तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी खाल्ल्या तर चालेल का?" ऑस्बर्टने विचारलं. "दवाखान्यात जा. आणि बाटली घेऊन जा, मला बघवत नाही."

कथबर्ट हसत गेला. मर्लिन आतून म्हणाली, "आता हीच अक्कल जरा स्वतःलाही शिकवा, रंगारीबुवा."

त्या रात्री तो गोळी घेऊन झोपला. सोमवारी सकाळी चपला घालायला वाकला, तर समोरची भिंत हळूच कलल्यासारखी झाली. कपाट धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने मुलीला हाक मारली. शर्लन त्याच्याकडूनच काठ्यांवर चालायला शिकली होती, पण नेहमी ताफ्याच्या मागे असायची. उद्या पुढची जागा तुझी, असं त्याने सांगितलं.

"आणि तू, बाबा?"

"मी खाली. पडू नकोस मात्र. तुला झेललं तर माझी कमर जाईल."

मंगळवारी त्याने तिचे पट्टे स्वतः आवळले आणि पाण्याची बाटली घेऊन गर्दीतून तिच्याबरोबर चालला. शर्लन जरा घाईने नाचत होती, पण छान नाचत होती. लोक वर पाहून ओरडत होते. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

चौकात बाकावर एक म्हातारा बसला होता. त्याची पिवळी टोपी ऑस्बर्ट वर्षानुवर्षं वरून बघत आला होता. टोपीखालचा चेहरा आज पहिल्यांदा दिसला.

"ऑस्बर्ट नाही आला का हो यंदा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मीच तो."

म्हातारा त्याच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे बघत राहिला. मग बाजूला सरकला आणि त्याने बाकावर जागा करून दिली.