उभी केलेली बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. शहरात मला खाट म्हणतात. माझे पाय बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाचे आणि विणकाम अंबाडीच्या दोरीचे. अड्याळच्या सुताराने मला घडवले, तेव्हा माझा मालक धनीराम स्वतः लेकरू होता. शेतातून दमून आलेली माणसे माझ्यावर अंग टाकत आणि "आता बरं वाटलं" म्हणत. ते ऐकायला मला फार आवडे, खोटे कशाला बोलू.

धनीरामची मुलगी डिंपल दहावीत गेली आणि माझे दिवस पालटले. आमच्या आळीत एक खूळ शिरले होते. पहाटे ज्याच्या घरचा दिवा आधी लागेल, त्याचेच पोर हुशार. शेजारच्या घनश्यामचा दिवा आधी दिसला की धनीरामचे तोंड दिवसभर उतरलेले. म्हणून तो अंधारातच डिंपलला उठवी आणि मला भिंतीशी उभे करी. उभ्या बाजेवर कोण झोपणार? पोर पुस्तक हातात धरून बसल्या बसल्या डुलक्या घेई. माझा जीव तुटायचा, पण बाजेचे पाय चालायच्या कामाचे नसतात.

"पोरीले झोपू द्या जी," डिंपलची आई देवकाबाई नवऱ्याला विनवी. तिचे ऐकतो कोण!

एका सकाळी शिकवणीला जाताना डिंपल सायकलवरच पेंगली आणि नहरात पडली. नशीब, त्या दिवशी नहराला पाणी सोडले नव्हते. कोपर तेवढे सोलवटले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई धनीरामला म्हणाल्या, या वयात आठ-नऊ तास झोप हवीच. वर त्यांनी असेही सुनावले, की सरकारनेच मुलांच्या झोपेचे तास ठरवून गावोगाव सांगायला पाहिजेत.

धनीराम घरी येऊन फणफणला. "सरकारनं आता घरात येऊन झोपवावं काय?"

देवकाबाई हळू आवाजात म्हणाली, "रोवणीत रोप लावल्यावर थोडे दिवस धान पिवळा पडते. तवा तुमी त्याले उपटून पाहता काय? मुळं धरू देता ना?"

धनीराम डिंपलच्या कोपरावरच्या पट्टीकडे बराच वेळ बघत बसला.

दुसऱ्या दिवशी उजाडले तरी मी चारी पायांवर होते आणि डिंपल माझ्यावर गाढ झोपली होती. घनश्याम अंगणातून डोकावला. "काहून गा धनीराम, पोरगी अजून झोपूनच राहिली?"

धनीराम जरा चाचरला. मग छाती काढून म्हणाला, "सरकारचा नियम हाये बावा. लेकरायले झोपू द्याच लागते."

असा नियम निघाला की नाही, मला ठाऊक नाही. पण घनश्याम निमूट परत गेला, आणि पुढच्या पहाटे त्याच्याही घरी दिवा लागला नाही. मला इतके हायसे वाटले म्हणून सांगू!

मित्रांनो, सरकारने झोपेत लक्ष घालावे की नाही, यावर मोठी माणसे खुशाल वाद घालोत. मला एवढेच कळते, की बायकोचे म्हणणे पटले तरी शेजाऱ्यापुढे तसे सांगायला धनीरामला कोणाचा तरी आधार लागला. माझी दोरी सैल झाली तर आवळून घ्या. मला भिंतीशी उभे करायचे तर जरूर करा, पण पोर आपणहून उठल्यावर.